लोखंड नुसतं बघत बसत नाही

शाळेच्या पुस्तकात उत्प्रेरकाची व्याख्या एका ओळीची असते: अभिक्रियेत स्वतः भाग न घेता तिचा वेग वाढवणारा पदार्थ. परीक्षेत तिला पूर्ण गुण मिळतात. आमच्या घरात मात्र ही ओळ उच्चारली की दोन माणसं एकदम खवळतात. एक माझा थोरला भाऊ, ज्याची सगळी नोकरी अमोनियाच्या कारखान्यात पाळ्या करण्यात गेली. दुसरी माझी मुलगी, जी संगणकावर धातूंच्या पृष्ठभागांची गणितं मांडते आणि त्यालाच प्रयोग म्हणते. व्याख्या खोटी आहे, एवढ्यावर मामा-भाचीचं एकमत. खरी कोणती, इथून पुढे त्यांचं बिनसतं. मामाच्या मते उत्प्रेरक ही हातानं कळणारी गोष्ट, आकडेमोड मागून येते. भाचीच्या मते हाताला लागलेलं जोवर समजत नाही, तोवर ते सापडलं असं म्हणूच नये. गणपतीत, दिवाळीत, एकदा तर लग्नाच्या पंगतीतही हा वाद रंगला आहे. त्यातला बराचसा खाली उतरवला आहे. दोघं एकमेकांना तोडून बोलतात. ते मात्र मी सरळ करून घेतलं.

मामा : आधी पदार्थ सांग, मग सिद्धान्त. नुसतं ‘उत्प्रेरक’ म्हटलं की मला डोळ्यांपुढे काही दिसत नाही.

भाची : मग तुझाच अमोनिया घेऊ. हवेत ७८ टक्के नायट्रोजन. त्या नायट्रोजनात हायड्रोजन मिसळला आणि बाटली बंद करून ठेवली, तर?

मामा : काही होणार नाही. तुझ्या नातवंडांनी बूच उघडलं तरी आत तेच.

भाची : आणि तरी व्हायला हवं! एक मोल नायट्रोजनचा अमोनिया झाला की साधारण ९२ किलोज्यूल उष्णता बाहेर पडते. खोलीच्या तापमानाला समतोल अमोनियाच्याच बाजूचा आहे. म्हणजे ओढ आहे, पण हालचाल नाही.

मी विचारलं, मग घोडं पेंड खातं कुठे?

भाची : नायट्रोजनच्या रेणूत. दोन अणू तिहेरी बंधानं जखडलेले. हा बंध पुरता तोडायचा तर मोलमागे ९४५ किलोज्यूल लागतात. हायड्रोजनचा बंध ४३६ मध्ये तुटतो. शेवटी उष्णता मिळणार असली तरी आधी हा नायट्रोजन सैल व्हायला हवा. साध्या तापमानाला रेणू एकमेकांवर आपटत असतातच, पण तेवढ्या जोराची टक्कर होतच नाही म्हटलं तरी चालेल.

मामा : मग तापव.

भाची : तापवून पाहिलंय. फ्रिट्झ हाबरनं १९०५ च्या सुमारास हजार अंश सेल्सिअसपर्यंत नेलं. हाती लागलेला अमोनिया टक्क्याच्या शंभराव्या भागाएवढा. जी अभिक्रिया उष्णता देते, ती तापवली की समतोल उलट्या बाजूला सरकतो. थंड ठेवा तर वेग नाही, तापवा तर माल नाही.

मामा : हाबरच्या त्या नळीतही लोखंड होतं, हे सांग की.

भाची : होतं. पण समतोलापुढे लोखंडाचं काही चालत नाही.

हे वाक्य तिनं सहज टाकलं. मला ते तेव्हा नीट कळलं नव्हतं. पुढे त्यावरूनच मोठी चकमक झाली. पण आधी तिनं कागद ओढून घेतला आणि पुस्तकातली ती प्रसिद्ध आकृती काढली. डावीकडे कच्चा माल, उजवीकडे तयार माल, मध्ये डोंगर. डोंगराच्या पोटातून तुटक रेषेनं काढलेला दुसरा, बुटका डोंगर.

भाची : खाली लिहिलेलं असतं, उत्प्रेरकामुळे डोंगराची उंची कमी होते.

मामा : कुणी कापला तो?

भाची : कुणीच नाही. डोंगर आहे तिथेच आहे. दोन्ही वायू थेट भिडले तर आजही तेवढंच चढावं लागेल. उत्प्रेरक दुसरा घाट उघडतो. देशावरून कोकणात उतरायला एकच घाट थोडाच आहे? आणि हा दुसरा घाट सरळ नसतो. एका थोरल्या चढाऐवजी चार-पाच लहान चढ-उतार असतात. टप्पे वाढतात, पण एकही टप्पा अशक्य राहत नाही.

मामा : आणि त्यातला सगळ्यात अवघड टप्पा सगळ्या वाटेचा वेग ठरवतो.

भाची : बरोबर. आता आकडे बघ. अऱ्हेनियसचं १८८९ चं सूत्र घातांकी आहे, म्हणून चढ जरासा उतरला तरी वेग भलताच वाढतो. खोलीच्या तापमानाला मोलमागे ५० किलोज्यूल वाचवले, तर वेग सुमारे ५० कोटी पट. तेच ५० किलोज्यूल अमोनिया जिथे बनतो त्या तुझ्या कन्व्हर्टरच्या तापमानाला, ४३० अंशांच्या आसपास, वाचवले तर पाच हजार पट.

मामा : पन्नास कोटींवरून एकदम पाच हजार?

भाची : तिथे रेणूंना मुळातच जोर जास्त असतो, चढाची अडचण कमी. तापमान जितकं कमी, तितका उत्प्रेरकाचा पराक्रम मोठा. आपल्या शरीरात ३७ अंशांना एवढी रसायनं घडतात ती त्याच जोरावर.

मामा : हे ठीक आहे. पण तू मला सांगितलंस ते वेगाचं गणित. लोखंड करतं काय, ते नाही सांगितलंस. चढ कमी झाला म्हणजे कसा कमी झाला? ‘औषधानं ताप उतरतो कारण औषधात ताप उतरवण्याचा गुण आहे’, असं झालं हे.

(इथे मी मनातल्या मनात दादाला गुण दिला. ‘सक्रियण ऊर्जा कमी होते’ हे वाक्य आम्हीही शाळेत घोकलं होतं. घोकताना कुणालाच प्रश्न पडला नव्हता.)

भाची : सांगते. नायट्रोजनचा रेणू लोखंडाच्या पृष्ठभागावर येऊन चिकटतो. पृष्ठभागावरच्या लोखंडाच्या अणूंना वरच्या बाजूला शेजारी नसतो, त्यांचे हात मोकळे असतात. ते आपले इलेक्ट्रॉन नायट्रोजनच्या अशा कक्षेत ढकलतात की दोन नायट्रोजन अणूंमधला बंध ढिला पडतो. रेणू आधी उभा चिकटतो, मग आडवा होतो, ताणला जातो आणि तुटतो. तुटलेले अणू हवेत सुटत नाहीत. दोघांनाही लोखंडानं धरलेलं असतं. तोडायला लागणारी ऊर्जा लोखंडाशी जुळणाऱ्या नव्या बंधांमधून तिथल्या तिथे भरून येते. ९४५ ची भीती संपली ती इथे. हायड्रोजन तर लोखंडावर पाय ठेवताच फुटतो. मग त्याचा एकेक अणू सरकत येऊन नायट्रोजनला जोडला जातो. एक, दोन, तीन. तयार झालेला अमोनिया उडून जातो आणि जागा रिकामी होते.

मामा : म्हणजे लोखंडानं भाग घेतला.

भाची : पुरेपूर. नायट्रोजनशी लोखंडाचा रासायनिक बंध झाला, मोडला, परत झाला. शेवटी हिशेबात लोखंड जेवढ्यास तेवढं निघतं, म्हणून पुस्तकवाल्यांना वाटलं ते नुसतं बघत बसलं होतं.

मामा : हे सगळं कुणी पाहिलं?

भाची : बर्लिनच्या गेरहार्ड एर्टलनं. लोखंडाचा एकच स्फटिक घ्यायचा, घासून लख्ख करायचा, जवळजवळ संपूर्ण निर्वातात ठेवायचा, त्यावर मोजका नायट्रोजन सोडायचा आणि काय चिकटलं, काय तुटलं ते पाहायचं. सगळ्यात अवघड टप्पा नायट्रोजन तुटण्याचा, हे त्यातून पक्कं झालं. २००७ चं नोबेल मिळालं त्याला. अमेरिकेत सोमोरजाईनं दाखवलं की स्फटिक कोणत्या दिशेनं कापलाय यावरही वेग ठरतो. एका दिशेचा पृष्ठभाग दुसऱ्यापेक्षा चारशेहून अधिक पटींनी वेगवान. लोखंड तेच, अणूंची मांडणी निराळी.

दादा इतका वेळ शांत होता तो उगाच नाही. २००७ हा आकडा त्याला हवाच होता.

मामा : आता माझं ऐक. २ जुलै १९०९. कार्ल्सरूहमध्ये हाबर आपलं यंत्र दाखवतोय. बीएएसएफ कंपनीतून कार्ल बॉश आणि आल्विन मिटाश आलेत. ऐन वेळी उच्च दाबाचा एक बोल्ट तुटला. तासन् तास दुरुस्ती. बॉश निघून गेला, मिटाश थांबला आणि त्यानं अमोनिया थेंब-थेंब जमताना पाहिला. त्या नळीत उत्प्रेरक कोणता होता?

भाची : ऑस्मियम.

मामा : ऑस्मियम! जगात मिळेल तेवढं ऑस्मियम कंपनीनं घेऊन ठेवलं, ते भरलं शंभर किलोच्या आसपास. त्यावर कारखाने चालतात होय? शिवाय हवा लागली की विषारी वाफ. मग मिटाशनं काय केलं? सिद्धान्त मांडला? छोट्या-छोट्या नळ्यांची रांग लावली, प्रत्येकीत दोन-दोन ग्रॅम माल, आणि दिसेल ते घालून पाहत सुटला. १९१२ पर्यंत अडीच हजार वेगवेगळे पदार्थ, साडेसहा हजार चाचण्या. शुद्ध लोखंड साफ नापास. आणि स्वीडनमधल्या गेलिवारेच्या खाणीतलं एक मॅग्नेटाइट, नुसतं खनिज, ते मात्र उत्तम चाललं. का? त्यात घाण होती म्हणून! मग कुठली घाण उपयोगी ते शोधत गेला: थोडं अॅल्युमिना, थोडं पोटॅश, थोडा चुना. १९१३ च्या सप्टेंबरात ओपाऊचा कारखाना सुरू झाला. आज शंभरहून अधिक वर्षांनी कन्व्हर्टरमध्ये जे काळे ओबडधोबड खडे भरतात, ते मुळात तेच. तुझ्या एर्टलला बक्षीस मिळेपर्यंत जग त्या खड्यांवर जेवून मोकळं झालं होतं.

भाची : नळ्या कुठल्या दाबाला लावायच्या, कुठल्या तापमानाला, हे मिटाशला कुणी सांगितलं? हाबरनं आणि नर्न्स्टनं समतोलाचे आकडे नीट बसवले नसते, तर त्यानं साध्या दाबाला अडीच लाख पदार्थ तपासले असते आणि हात हलवत परतला असता. कुठे खणायचं हे कळल्यावर कुदळ मारायला हरकत नाही.

मामा : कबूल. पण ‘घाणेरडं लोखंड घे’ हे कुठल्या समीकरणात होतं?

भाची : नव्हतं. आणि ते चालतं का, हे मिटाशला शेवटपर्यंत कळलं नाही, हेही कबूल कर. अॅल्युमिना लोखंडाच्या बारीक कणांमध्ये बसतं आणि उष्णतेनं ते एकमेकांना चिकटून जाड होऊ देत नाही. पोटॅशियम लोखंडाला इलेक्ट्रॉन पुरवतं, त्यामुळे नायट्रोजन आणखी सहज तुटतो. हे कळल्यावर घाण हा शब्द गळून पडतो.

मामा : शब्द गळून पडला, खडे तेच राहिले.

इथे मला दोघांनाही थांबवावंसं वाटलं. एकानं शोध लावला, दुसऱ्यानं उलगडा केला, यात थोरलं-धाकटं ठरवायची घाई कशाला? पण खरं सांगायचं तर माझं मन दादाकडे झुकतं. अडीच हजार पदार्थ तपासणाऱ्याला आपण ‘नुसते प्रयोग करणारा’ म्हणतो, तेव्हा त्या अडीच हजार ‘नाही’ नोंदवून ठेवण्यामागची शिस्त आपल्याला दिसत नाही.

ओपाऊचं नाव निघालं की दुसरंही बोलावं लागतं. कारखाना सुरू झाल्यावर वर्षाच्या आत पहिलं महायुद्ध पेटलं. चिलीहून येणारा सोरा ब्रिटिश आरमारानं अडवला. अमोनियापासून नायट्रिक आम्ल करता येतं, तेही प्लॅटिनमच्या जाळीवर, म्हणजे पुन्हा उत्प्रेरकच. आणि नायट्रिक आम्लापासून स्फोटकं. लोखंडाच्या ज्या खड्यांनी खत दिलं, त्यांनीच जर्मनीचा दारूगोळा चालू ठेवला. हाबर तर पुढे विषारी वायूच्या कामात शिरला. त्यावर आमच्या घरात वाद होत नाही, सगळे गप्प होतात.

चकमक झाली ती पुढच्या प्रश्नावर, आणि तो मीच विचारला होता. उत्प्रेरक घातला की अमोनिया जास्त मिळतो, बरोबर?

भाची : नाही. लवकर मिळतो.

मामा : अगं, कारखान्यात जास्तच मिळतो. तिला का गोंधळात टाकतेस?

भाची : गोंधळ तूच घालतोयस मामा. उत्प्रेरक दोन्ही दिशांना सारखीच घाई करतो. घाटातून जाता येतं तसं येताही येतं. अमोनिया होण्याचा वेग जेवढ्या पटीनं वाढतो, तेवढ्याच पटीनं अमोनिया मोडण्याचाही. नुसता अमोनिया त्या लोखंडावर तापवला तर तो मोडून परत नायट्रोजन-हायड्रोजन होतो. शेवटी दोन्ही बाजू जिथे तुल्यबळ होतात, ती जागा उत्प्रेरकानं तसूभरही हलत नाही. हलली असती, तर उत्प्रेरक आत-बाहेर करून फुकटची ऊर्जा काढता आली असती.

मामा : तुल्यबळ होईपर्यंत थांबायला कारखान्यात वेळ कुणाला आहे? चारशे अंश आणि दोनशे वातावरणांच्या दाबाला समतोलात ३५ ते ४० टक्के अमोनिया असायला हवा. आम्हाला एका फेरीत मिळतो पंधरा-वीस टक्के. तेवढा गारव्यानं द्रवरूप करून काढून घ्यायचा, उरलेला वायू फिरवून पुन्हा आत. समतोल गेला खड्ड्यात, आम्ही माल सतत काढून घेत राहतो.

भाची : तीच तर गंमत आहे. उत्प्रेरकानं समतोल हलवला नाही, पण तुला कमी तापमानाला काम करायची सोय दिली. कमी तापमानाला समतोलच जास्त अमोनियाचा असतो. म्हणून तुला वाटतं उत्प्रेरकानं जास्त दिला. त्यानं जास्त दिला नाही, जास्त मिळतो तिथे थांबण्याची ऐपत दिली.

दादानं यावर चहा मागवला. हरल्यावर तो चहा मागवतो.

अलिबागजवळ थळला खतांचा मोठा कारखाना आहे, बॉम्बे हायच्या गॅसवर ऐंशीच्या दशकात उभा राहिलेला. तिथल्या रस्त्यावरून जाणाऱ्याला उंच मनोरा दिसतो. तो युरियाचे दाणे पाडण्याचा. अमोनिया होतो तो त्याच्या मागे, जाड पोलादी भांड्यात, बाहेरून काहीच कळू न देता. दादाचा कारखाना कोणता ते मी लिहीत नाही. पण भांडं सगळीकडे तसंच, आणि त्याबद्दल बोलू लागला की तो वेगळाच माणूस होतो.

मामा : तुमच्या गणितात उत्प्रेरक जन्मतो आणि अमर असतो. आमच्याकडे तो आजारी पडतो. नैसर्गिक वायूत गंधक असतं. लोखंडावर गंधकाचा अणू बसला की उठत नाही. जागा कायमची गेली. म्हणून वायू आत येण्याआधीच झिंक ऑक्साइडच्या थरातून गाळायचा. मग रिफॉर्मरमध्ये निकेल, शिफ्टमध्ये लोखंड-क्रोमियम आणि पुढे तांबं-जस्त, शेवटी मिथेनेटरमध्ये पुन्हा निकेल. एका अमोनियासाठी उत्प्रेरकांची ही रांग, आणि त्यातल्या निम्म्यांचं काम पुढच्याचं रक्षण करणं. कार्बन मोनॉक्साइड, पाण्याची वाफ, ऑक्सिजन असलेलं काहीही दहा लाखांत काही भागांपलीकडे गेलं की लोखंड गंजायला लागतं.

भाची : ते विष तात्पुरतं असतं ना? स्वच्छ वायू सोडला की जातं.

मामा : कागदावर जातं! एका रात्रपाळीत मिथेनेटरमधून कार्बन मोनॉक्साइड निसटला. कन्व्हर्टरचं तापमान उतरायला लागलं. आता नीट ऐक. तो कन्व्हर्टर आपल्याच उष्णतेवर जगतो. तयार अमोनियाची उष्णता आत येणाऱ्या थंड वायूला तापवते. उत्प्रेरक मंदावला, उष्णता घटली. उष्णता घटली, वायू गार आत आला. वायू गार, म्हणून उत्प्रेरक आणखी मंदावला. बघता-बघता सगळं विझलं. पुन्हा पेटवायला भट्टी लावून बसलो. तुझ्या ‘तात्पुरत्या’ विषानं उत्पादन घालवलं ते घालवलंच.

भाची : हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

मामा : आणि नवा माल भरला की तो लोखंड नसतोच. मॅग्नेटाइट असतं, लोखंडाचं ऑक्साइड. त्यातला ऑक्सिजन हायड्रोजननं काढून घ्यायचा, दिवसच्या दिवस, अगदी सबुरीनं. ऑक्सिजन गेला की खडा तेवढाच राहतो, आतून मात्र भोकाभोकांचा होतो. एका ग्रॅममध्ये दहा ते वीस चौरस मीटर पृष्ठभाग. पण निघणारं पाणी जास्त झालं, तर वरच्या थरातलं पाणी खालच्या ताज्या लोखंडाला गंजवतं, कण जाड होतात आणि उत्प्रेरक जन्मतःच म्हातारा. घाई केलीस तर पुढची दहा वर्षं भोगायची. नंतर तो हवेत काढायचीही सोय नाही, आपोआप पेटतो. भांडं उघडायचं तर नायट्रोजनच्या पांघरुणाखाली. याच्यातलं काय आहे तुझ्या निर्वातातल्या लख्ख स्फटिकात?

हा वार वर्मी बसला असं मला वाटलं. प्रयोगशाळेतला दाब वातावरणाच्या अब्जाव्या हिश्शाहून कमी, कारखान्यातला शंभर-दोनशे पट. दोन्हींकडचं लोखंड एकच मानायचं कशावरून? पण पोरगी तयारीची निघाली.

भाची : १९८५ साली डेन्मार्कच्या स्टोल्त्से आणि नॉर्स्कोव्ह यांनी नेमकं हेच तपासलं. निर्वातातल्या स्फटिकावर मोजलेले आकडे घेतले आणि त्यांवरून उच्च दाबाच्या खऱ्या उत्प्रेरकावर किती अमोनिया निघेल ते काढलं. उत्तर कारखान्यातल्या आकड्यांशी चांगलं जुळलं. तुझा खडा आणि एर्टलचा स्फटिक एकाच घाटानं जातात, मामा.

मामा : जुळलं?

भाची : जुळलं.

दादानं आणखी चहा मागवला नाही, पण बराच वेळ कपाकडे बघत राहिला. नंतर त्यानं विचारलं ते मला आवडलं.

मामा : बरं, मग लोखंडच का? मॉलिब्डेनम का नाही? मिटाशनं तेही तपासलं होतं.

भाची : कारण धरणं जेवढं महत्त्वाचं, तेवढंच सोडणं. साबातिए नावाचा रसायनज्ञ हे फार पूर्वी सांगून गेला. मॉलिब्डेनम नायट्रोजनला झटकन तोडतं, पण मग सोडत नाही. पृष्ठभाग नायट्रोजननं भरून जातो, नव्याला जागा नाही. कोबाल्ट आणि निकेल सैल धरतात, त्यांच्याकडून नायट्रोजन तुटतच नाही. मधे बसतात रुथेनियम, लोखंड, ऑस्मियम. त्यांतलं स्वस्त एकच. हे कळल्यावर पुढची पायरी टाकता येते. घट्ट धरणारं आणि सैल धरणारं एकत्र केलं तर? २००१ मध्ये डेन्मार्कमध्येच गणितानं दाखवलं की कोबाल्ट आणि मॉलिब्डेनम मिळून चालतात, आणि नळीतही ते खरोखर चालले. अडीच हजार नळ्या न लावता.

मामा : कारखान्यात आलं का ते?

भाची : कारखाने अजून मुख्यतः लोखंडावरच आहेत.

मामा : मग!

भाची : लोखंड इतकं स्वस्त आणि चिवट आहे की त्याला हटवणं अवघड. पण चारशे-साडेचारशे अंश आणि तो दाब लागतोच असं समजू नकोस. हरभऱ्याच्या मुळावरची गाठ हेच काम मातीच्या तापमानाला करते. तिथल्या जिवाणूंच्या नायट्रोजिनेज विकरातही लोखंड आणि मॉलिब्डेनम आहेच.

मामा : गाठ मलाही माहीत आहे. फोडून आत गुलाबी निघाली तर काम चालू, पांढरी निघाली तर नुसती वाढलेली. पण ती फुकट करते असं सांगू नकोस. नायट्रोजनच्या एका रेणूमागे निदान सोळा एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, जाळते. ती साखर झाडाची. वर ऑक्सिजन लागला की विकर मेलं, म्हणूनच तो गुलाबी राखणदार ठेवावा लागतो. आणि वेग? सेकंदाला जेमतेम काही रेणू. विष आमच्याकडेही, विष तिच्याकडेही.

भाची : ती जगभर शेतात पसरलेली आहे, एका जागी मनोरे बांधत नाही. जगाच्या एकूण ऊर्जेतले एक ते दोन टक्के तुमचा अमोनिया खातो, त्यातला मोठा वाटा नैसर्गिक वायूपासून हायड्रोजन काढण्यात. उद्या सौरविजेवर पाणी फोडून हायड्रोजन करायचा, लहान कारखाना, कमी दाब, कमी तापमान. त्यासाठी असा उत्प्रेरक हवा की जो अडीचशे-तीनशे अंशांना काम करेल. मी त्याच्यावरच आहे.

मामा : तुझ्या संगणकातल्या पृष्ठभागाला गंधक ठाऊक आहे का?

भाची : पाण्यापासून काढलेल्या हायड्रोजनात गंधक नसतंच, मामा.

मामा : मग ओलावा असेल. ऑक्सिजन असेल.

भाची : असेल. थेंबाथेंबानं का होईना, असेल.

मामा : कमी तापमानाला तर पाणी आणखी घट्ट चिकटणार. आणि सौरवीज म्हणतेस, म्हणजे संध्याकाळी कन्व्हर्टर थंड, सकाळी पुन्हा गरम. रोज. आम्ही वर्षातून एखाद-दुसऱ्या शटडाऊनला घाबरायचो. तुझा उत्प्रेरक तसा किती काळ टिकेल, सांग गणितानं.

भाची : गणितानं नाही सांगता येणार ते. नळीत दोन ग्रॅम माल भरून, ओला हायड्रोजन सोडून, तापवत-थंड करत महिनोन् महिने बसावं लागेल.

मामा : नळ्या किती लावणार?